सूट कुणाला, तूट कुणाची?

(तानसा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय काय ठेवायचा, हे विचारायला संयोजकांचा फोन आला तेव्हा मी एकच शब्द सांगितला, 'डिस्काउंट'. पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग ते जरा संकोचून म्हणाले, "सर, मानधनात आपण कमी-जास्त करू, त्याचं काही नाही." मी म्हटलं, अहो, मानधनाचं नाही बोलत, विषयच तो आहे! (हशा) पण त्यांची चूक नव्हती. हा शब्द ऐकला की माणसाचा हात आधी खिशाकडे जातो. कुणाचा स्वतःच्या, कुणाचा दुसऱ्याच्या.

मी जन्मभर वाणिज्य शाखेच्या मुलांना जमाखर्च शिकवला. मालावर मिळणारी सूट वेगळी, रोखीने पैसे दिल्यावर मिळणारी सूट वेगळी, ती कुठे नोंदवायची आणि कुठे नाही, हे शिकवता शिकवता खडू झिजले. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असे, मुलं गुण मिळवत. पण त्या गणितात एक गोष्ट कधी विचारली जात नसे. शंभराची वस्तू नव्वदला गेली, ठीक. मधले दहा गेले कुणाच्या ताटातून? पुस्तकात ते दहा रुपये नुसते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. बाजारात ते एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जातात. आज मला तेवढंच बोलायचं आहे.

आधी शब्दांची मोजदाद करू. इंग्रजीत एक 'डिस्काउंट' म्हटलं की भागतं. फार तर रिबेट म्हणतील, सेल म्हणतील, कन्सेशन म्हणतील. आपल्याकडे बघा किती आहेत. सूट, सवलत, वटाव, बट्टा, कसर, कडता, घट, तूट, काट. खानदेशात आणि विदर्भात जा, तिथे 'कटती' म्हणतात. आता एक गंमत करा. हे शब्द मनात दोन बाजूंना मांडा. सूट आणि सवलत हे शब्द उच्चारताना तोंड गोड होतं, ते कुणीतरी आपल्याला देतं. आणि कडता, घट, तूट, काट? ते कुणी देत नाही. ते लागतात. लावले जातात. दोन्हीकडे किंमतच कमी होते आहे. मग एकीकडे गोड आणि दुसरीकडे कडू का? कारण सूट घेणाऱ्याला मिळते आणि कडता विकणाऱ्याला लागतो. आणि इथे बसलेल्या निम्म्याहून अधिक लोकांचा बाजाराशी संबंध विकणारे म्हणून येतो. भात विकणारे, भेंडी-काकडी विकणारे, करवंदं आणि शेवळी विकणारे. त्यामुळे शहरात 'डिस्काउंट'वर भाषण दिलं तर लोक खूश होतील, इथे सावध झाले पाहिजेत.

थोडा इतिहास सांगतो. फार नाही, घाबरू नका.

'बट्टा' हा शब्द आपण आता अब्रूच्या संदर्भात वापरतो. घराण्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो. मुळात तो लागायचा नाण्याला. पेशवाईत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं एकच रुपया चालत नव्हता. चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, पुण्याकडचा अंकुशी, शिवाय हाली, मल्हारशाही, असे किती तरी. प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळं, झीज वेगळी. चांदवडी रुपया घेऊन तुम्ही दुसऱ्या मुलखात गेलात की सराफ तो दगडावर आपटून आवाज ऐकायचा, बोटांत फिरवायचा आणि सांगायचा की याला एवढा बट्टा बसेल. रुपया तुमचा, पण त्याचा भाव ठरवणार सराफ. सरकारात सारा भरायचा तो अमुकच नाण्यात, असा नियम असला म्हणजे तर रयतेची पंचाईतच. पीक विकून हाती आलेलं नाणं एक, सरकार मागणार दुसरं, आणि मधे बसलेला सराफ दोन्हीकडून बट्टा कापणार. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडायचा कायदा केला. जुनी नाणी पुढेही बराच काळ हातोहात फिरत राहिली, पण हळूहळू सराफाचा हा धंदा बसला. नाण्यांवरचा बट्टा गेला, अब्रूवरचा राहिला.

त्याचा भाऊ 'वटाव'. आपण म्हणतो ना, चेक वटला? तेच हे वटणं. व्यापाऱ्याकडे तीन महिन्यांनी पैसे मिळायची हुंडी आहे, त्याला पैसे आज हवेत. पेढीवाला हुंडी ठेवून घेतो, आपलं काही कापतो आणि उरलेले हातावर ठेवतो. बँकांचा हा आजही सरळ धंदा आहे, त्यात वाईट काही नाही. दोन सज्ञान माणसं, दोघांनाही हिशोब येतो, दोघांनाही वाट पाहता येते. पण हाच व्यवहार ज्याला वाट पाहता येत नाही त्याच्याशी केला तर काय होतं? सावकार कागदावर शंभर लिहितो, हातात नव्वद देतो आणि व्याज शंभरावर धरतो. १८७५ साली पुणे-अहमदनगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांतले कर्जरोखे काढून जाळले. सुप्याला सुरुवात झाली. त्याची चौकशी झाली, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या सगळ्या रागाच्या मुळाशी असले हिशोब होते.

आणि तुम्ही म्हणाल, ते देशावरचं झालं, आमचं काय? आपल्या भागात तर लिहायलाही लागत नव्हतं. इंग्रजांनी १९३५ च्या कायद्याखाली जे अंशतः वगळलेले प्रदेश ठरवले त्यात ठाणे जिल्ह्यातला हा आपला शहापूर तालुका होता. तिथल्या आदिवासींच्या स्थितीवर सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३९ मध्ये अहवाल दिला. पावसाळ्यात घरात दाणा नसताना थोडं धान्य किंवा चार पैसे द्यायचे आणि हंगामात पीक उचलायचं. भाव? भाव देणाऱ्याचा. याला 'पालेमोड' म्हणत. मला सांगा, ही पण एक प्रकारची सूट नव्हे काय? आषाढात दिलेल्या पायलीवर मार्गशीर्षात मिळालेली सूट! फक्त ती घेणारा सावकार होता आणि देणारा उपाशी होता. १९४५ च्या जानेवारीत इथून जवळच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि पुढे डहाणू-तलासरीकडे वारल्यांचा लढा उभा राहिला, तो सगळा इतिहास गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवला आहे. त्यात मी शिरत नाही. राज्य झाल्यावर १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ आलं, १९७६ मध्ये आदिवासींच्या आर्थिक स्थितीविषयीचा कायदा आला, महामंडळाने एकाधिकार खरेदी सुरू केली, पावसाळ्यासाठी खावटी कर्ज सुरू झालं. हे सगळं कशासाठी? एका वाक्यात सांगायचं तर आषाढातली ती सूट बंद करण्यासाठी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कडता.

एखाद्या व्यापाऱ्याच्या अंगणात भात घेऊन उभे राहिलात असं समजा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना समजायची गरज नाही, तुम्ही उभे राहिलेले आहात. टेम्पोतून गोण्या उतरतात. माणूस येतो, गोणीत टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो. दोन दाणे दाताखाली धरतो. कट्ट आवाज आला तर सुकलेलं, दबला तर ओल. तुम्हीही घरून निघताना तेच करून आलेले असता आणि तुमच्या दाताखाली कट्ट वाजलेलं असतं. त्याच्या दाताखाली वाजत नाही. तो म्हणतो, "ओल हाय. गोणीला किलो जाईल." मग गोणी काट्यावर चढते. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, लाल आकडे दिसतात, पन्नास किलो चारशे ग्रॅम. तो मोठ्याने बोलतो, "पन्नास!" वरचे चारशे ग्रॅम हवेत गेले. मग बारदान. पूर्वी तागाची जड गोणी असे, तिचं वजन कापणं समजू शकतो. आता प्लास्टिकची गोणी आली, फुंकर मारली तर उडेल, पण कापायचा किलो तागाच्याच काळातला राहिला. नमुना म्हणून प्रत्येक गोणीतून काढलेली मूठ परत गोणीत जात नाही. खाली सांडलेलं मातेरं संध्याकाळी झाडून गोळा होतं, तेही तुमच्याकडे येत नाही. आणि मग हमाली, तोलाई.

आकडेमोड करू, मास्तर आहे, सवय जात नाही. उदाहरणादाखल धरा, पन्नास किलोच्या ४० गोण्या, म्हणजे २० क्विंटल. गोणीमागे एक किलो ओलीचा आणि एक किलो बारदानाचा, ८० किलो गेले. भाव किलोला २० रुपये धरला तर १६०० रुपये. चाळीस हजारांच्या मालात सोळाशे, म्हणजे शेकडा चार. यात भावाचं मी अजून काहीच बोललेलो नाही. साध्या भाताची आधारभूत किंमत २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने २३६९ रुपये क्विंटल ठरवली. दोन हजाराने दिलं तर क्विंटलला ३६९ तिथेच गेले, वीस क्विंटलला ७३८०. भावातला फरक तुम्हाला दिसतो, त्यावर तुम्ही चिडता, भांडता, फोन करून दुसरीकडचा भाव विचारता. कडता दिसत नाही, कारण तो वजनात लपलेला असतो. भाव पाडला की बोंब होते, वजन पाडलं की कुणाला कळतही नाही.

एक मात्र खरं, आणि ते न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. ओल असते. ओलं भात सुकलं की वजन घटतं, ते घेणाऱ्याने का सोसावं? घट ही खोटी गोष्ट नाही. सरकारी खरेदीतही भातातल्या ओलाव्याची मर्यादा आहे, १७ टक्के. मुद्दा एवढाच आहे की ती घट मोजायची कशाने? ओलावा मोजायचं यंत्र असतं, ते तळहातावर मावतं. यंत्राने मोजून कापलं तर ती घट. दाताने मोजून कापलं तर तो कडता.

आणि ही घट आपल्याकडे ठेवली तर काय होतं, याचं उदाहरण शहापुरातच आहे. कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करायला घेतली. ओली वेल विकली तर भाव ओल्या वेलीचा. ती तोडून, सुकवून, साफ करून त्यांनी विकायला सुरुवात केली, वन धन योजनेचं पाठबळ मिळालं आणि माल डाबर, बैद्यनाथ यांच्यासारख्या मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत गेला. कोरोनाच्या काळात देशभर गुळवेलीला मागणी आली तेव्हा या पोरांची बातमी दिल्लीपर्यंत पोहोचली. सुकल्यावर वजन घटलं ते त्यांच्याच अंगणात घटलं, त्यामुळे ते कापायला दुसरा कुणी उरला नाही.

आता सरकारी सुटीकडे येऊ. शाळेच्या सुट्टीकडे नव्हे! (हशा) सारासूट.

शेतसाऱ्यात सूट ही आपल्याकडे राज्यकर्त्याची कृपा समजली जायची. पिकलं नाही, रयत रडत गेली, राजाने सूट दिली, राजा दयाळू. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून एक वेगळीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. सरकारनेच दुष्काळाचे नियम लिहून ठेवले आहेत, त्या नियमांप्रमाणे पीक बुडालं असेल तर सूट मिळणं हा तुमचा हक्क आहे, सारा भरण्यासाठी घरदार विकू नका, कर्ज काढू नका. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव गेले, आपल्या ठाणे जिल्ह्यात आणि कुलाबा जिल्ह्यातही आले, सभा झाल्या, खटले झाले. सरकारला चिडायला कारण काय होतं? सूट मागितली म्हणून? नाही हो. सूट तर लोक नेहमीच मागत. ती हात जोडून न मागता नियम दाखवून मागितली, हे झोंबलं.

आज दुष्काळ जाहीर झाला की सवलतींची एक ठरलेली यादी येते. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि वीजजोडणी न तोडणं. यादी चांगली आहे. पण जमीन महसूल आता इतका नाममात्र राहिला आहे की त्यातली सूट घेऊन चहाही पोटभर मिळायचा नाही, आणि यादीत तीच पहिली असते. खरी उपयोगाची आहे ती परीक्षा फी. ती किती मुलांना परत मिळते, हे तुमच्या गावच्या पालकांनी एकदा मोजून बघावं.

दुकानातल्या डिस्काउंटवर मी फार वेळ घालवणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हजाराची पाटी खोडून पाचशे लिहिलेलं असतं आणि हजाराला ती वस्तू कधी कुणी विकत घेतलेली नसते. पाकिटावर छापायची कमाल किरकोळ किंमत ही कमाल आहे, तिच्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही एवढाच तिचा अर्थ. तीच किंमत खरी मानून तिच्यातून दहा कापले की आपण उपकृत होतो! पण एक गोष्ट मात्र नीट बघण्यासारखी आहे, ती वाडीवरच्या दुकानात बघा. शाम्पूची पुडी, तेलाची पुडी, पाच रुपयांचा बिस्किटपुडा. त्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं पाचच आहे. आत बिस्किटं किती राहिली? किंमत तीच ठेवून माल काढून घेणं, ही सुटीची उलटी बाजू. मोठ्या डब्यावर 'वीस टक्के जादा मोफत' असतं, पाचाच्या पुड्यावर सहसा नसतं. महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्याला सूट, रोजच्या मजुरीतून रोजची मिरची-मीठ घेणाऱ्याला नाही. अमेरिकेत डेव्हिड कॅप्लोविट्झ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली एक पुस्तक लिहिलं, गरीब माणूस त्याच वस्तूला जास्त पैसे मोजतो, असं त्याने न्यूयॉर्कच्या वस्त्यांत फिरून दाखवलं. त्यासाठी न्यूयॉर्कला जायला नको, खर्डीच्या पुढे कुठल्याही पाड्यावर जा.

आणि अशाच पाड्यांवरची बाई पहाटे निघते. डोक्यावर पाटी, पाटीत शेवळी, कंटोळी, टाकळा, जे दिवस असतील ते. कसारा लोकल पकडते, नाहीतर मुरबाडकडून एसटीने कल्याणला येते. मुरबाडला रेल्वे नाही, एसटी हाच आधार. फडकं पसरून वाटे मांडते. पहिलं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "वीसचे दोन वाटे दे." ती म्हणते, "बाय, भवानीची वेळ हाय गो, पाडून नको मागू." गिऱ्हाईक पुढे जाण्याचं नाटक करतं, ती हाक मारते, देते. वर दोन काड्या जास्त टाकते. मोठ्या दुकानात काचेच्या कपाटातल्या साडीवर बिलात लिहिलेले चार हजार आपण मुकाट्याने मोजतो, तिथे 'एकच भाव' ही पाटी आपल्याला शिस्त वाटते. ही घासाघीस फक्त जमिनीवर बसलेल्या माणसाशी का होते? घासाघीस वाईट असं मी म्हणत नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तेही घासाघीसच. म्हसा गावच्या यात्रेत घोंगडी घेताना मी स्वतः भाव केला आहे आणि मजा घेतली आहे. पण तिथे दोघेही उठून जाऊ शकतात. बैलवाला बैल परत नेऊ शकतो, घोंगडीवाला घोंगडी उद्या विकू शकतो. शेवळी उद्या विकता येत नाहीत. शेवटची गाडी चुकली तर तिला घरी जाता येत नाही. तिच्याकडून घेतलेली सूट आणि पालेमोडवाल्याने घेतलेली सूट यांत जात वेगळी नाही, प्रमाण वेगळं आहे. हे कठोर वाटेल, पण माझं मत हेच आहे.

मग चांगली सूट नसतेच का? असते. दोन-तीन ठिकाणी मी ती पाहिली आहे.

एक, एसटीची. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळते. त्याआधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास. या सवलतीत मला आवडते ती एक गोष्ट. उरलेले अर्धे कोण देणार, हे लपलेलं नाही. सरकारने ते महामंडळाला भरून द्यायचे आहेत. वेळेवर देतं की नाही हा भांडणाचा विषय होऊ शकतो, आणि तो होतो याचाच अर्थ देणेकरी कोण ते सगळ्यांना माहीत आहे. आणि बघा, पाटी घेऊन कल्याणला जाणाऱ्या बाईच्या पदरात ही सवलत थेट पडली.

दुसरी, ग्राहकांनी एकत्र येऊन मिळवलेली. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली विणकरांनी स्वतःचं दुकान काढलं. माल बाजारभावाने विकला आणि उरलेला नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत वाटला. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच वेगळ्या तऱ्हेने करते. शेजारपाजारची घरं एकत्र येतात, महिन्याच्या सामानाची मागणी आधी नोंदवतात, माल एका ठिकाणी येतो आणि घरोघरीची माणसं तो वाटून घेतात. दुकानाचं भाडं, जाहिरात, मधला हात यांचा खर्च वाचतो, त्यातून भाव उतरतो. कुणाचं मनगट पिरगाळून नव्हे.

तिसरी गोष्ट खादीची. माझ्या पिढीला दोन ऑक्टोबर म्हणजे खादी भांडारातली रांग आठवते. गांधी जयंतीचं रिबेट! सरकार विक्रीवर पैसे देई, गिऱ्हाइकाला कपडा स्वस्त पडे. २०१० मध्ये केंद्र सरकारने ती पद्धत बदलली आणि मदत उत्पादनावर द्यायला सुरुवात केली, त्यातला ठरलेला वाटा सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या कारागिराच्या खात्यात जाईल अशी तरतूद केली. खादीवाल्यांत यावर पुष्कळ वाद झाले, गिऱ्हाईक तुटेल म्हणून ओरड झाली. माझ्या मते बदलामागचा विचार बरोबर होता. सूट द्यायचीच तर ती कापड घालणाऱ्याला आधी का, कातणाऱ्याला का नको, हा प्रश्न निदान सरकारी कागदावर विचारला गेला.

तानशात येऊन पाण्याबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला परत बोलावणार नाही. हे धरण १८९२ साली मुंबईसाठी पुरं झालं. नंतर मोडकसागर, भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईकर नळ सोडतो तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी या डोंगरांतून जातं. मुंबईच्या पाणीबिलात जलवाहिनी आहे, शुद्धीकरण आहे, वीज आहे, कर्मचाऱ्यांचे पगार आहेत. ज्यांची शेतं आणि गावठाणं पाण्याखाली गेली त्यांचा रकाना त्या बिलात कुठे आहे? उन्हाळ्यात शहापूरच्या वाड्यांवर टँकर येतात, तालुक्याला पाणी पाजण्यासाठी पार इगतपुरीच्या भावली धरणातून ते आणायची योजना करावी लागली. एवढी मोठी सूट देशात दुसऱ्या कुठल्या शहराला मिळाली असेल, मला शंका आहे. आणि गंमत अशी की ती कुणी दिली असं मुंबईत विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही, कारण ज्याची किंमतच कधी लावली नाही त्यावरची सूट दिसणार कशी?

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. (हशा) एकच मागणं मागून थांबतो.

महाराष्ट्रात कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा १९६३ पासून आहे. फळं-भाज्यांवरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, हे २०१६ च्या जुलैत ठरलं. म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतून, विक्रीच्या हिशोबाच्या कागदातून, एक रकाना कायद्याने कमी झाला. तो आपोआप कमी झाला नाही. वर्षानुवर्षं लोकांनी पट्ट्या दाखवून आरडाओरडा केला म्हणून झाला. ज्यांच्याकडे पट्टी होती तेच ओरडू शकले. तुमच्यापैकी किती जणांकडे गेल्या हंगामातल्या भाताची, भेंडीची पट्टी आहे? हात वर करायला सांगत नाही.

उद्यापासून माल कुठेही घाला, बाजार समितीत, व्यापाऱ्याच्या अंगणात, नाहीतर गाडीवर येणाऱ्या खरेदीदाराला. छापील नसली तर वहीच्या पानावर लिहून घ्या. एकूण वजन वेगळं लिहायला लावा, बारदान वेगळं, ओल वेगळी, हमाली वेगळी, तोलाई वेगळी. सगळं मिळून 'निव्वळ इतके' असं लिहिलं तर घेऊ नका. तरुणांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, गावात कुणी एकाने ते जमवा, आणि हंगामाच्या शेवटी शाळेत बसून बेरीज करा. बेरीज करायला मास्तर लागला तर मला कळवा, मी येईन, आणि मानधनात पूर्ण सूट देईन. पण पट्टी हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नका.